कॉम्पिटिटिव्ह हायस्कूलमध्ये घातलं तर कॉलेज ऍडमिशनला खरंच फायदा होतो का? (टेक्सास)

अबोली

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या सबर्बात राहतो, मुलगी आठवीत आहे, ऑगस्टपासून हायस्कूल. घराचं लीज मे महिन्यात संपतंय त्यामुळे काय ते आत्ताच ठरवायला हवं आणि सध्या घरात रोज जेवताना हाच एक विषय असतो.

पर्याय दोन आहेत. एक म्हणजे आत्ताच्या पत्त्यावर मिळतं ते हायस्कूल. चांगलं आहे, शिक्षक मन लावून शिकवतात असं ऐकून आहे, एपी (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे विषय) पंधराएक आहेत, सगळ्या प्रकारची मुलं येतात, काही कॉलेजला जातात, काही सरळ कामाला लागतात. दुसरं म्हणजे शेजारच्या डिस्ट्रिक्टमधलं (इथे शाळा अशा विभागांकडे असतात), जिथे आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी मुलांच्या शाळेसाठीच घरं घेऊन राहिलीयेत. तिथे एपी तिसाच्या घरात, मॅथ टीम, रोबोटिक्स, सायन्स रिसर्च सगळं आहे, आणि प्रत्येक मूल सहावी-सातवीपासून कुठल्या ना कुठल्या क्लासला जातंय. तिथे जायचं तर भाडं महिन्याला सातशे डॉलर जास्त पडतंय, ओढाताण होईल पण जमवू.

नवऱ्याचं म्हणणं असं की त्या शाळेतून दरवर्षी एमआयटी, स्टॅनफर्ड, राइसला मुलं जातात, कॉलेजवाल्यांना शाळेचं नाव माहीत असतं, अर्धं काम तिथेच होतं. माझी मैत्रीण बरोबर उलट सांगते, तिथे गेली तर गर्दीत हरवेल, वरच्या टक्क्यांत येणार नाही आणि यूटी ऑस्टिनसुद्धा (टेक्सासची मोठी सरकारी युनिव्हर्सिटी) हातचं जाईल. मुलगी हुशार आहे पण पहिल्या नंबरवाली नाही, शांतपणे मन लावून करणारी आहे, बायॉलॉजी आवडतं आणि व्हायोलिन तर जीव की प्राण. आमचं स्वतःचं शिक्षण सगळं भारतात झालं, बारावीचे मार्क आणि सीईटी एवढंच माहीत, त्यामुळे इथे नक्की काय बघतात तेच नीट कळत नाही. ज्यांची मुलं यातून गेलीयेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

पाटीपेन्सिल

अबोली, तुम्ही टेक्सासमध्ये आहात म्हणून तुमचा प्रश्न बाकी राज्यांपेक्षा वेगळा आहे, आधी तेवढं सांगतो. माझे दोघेही इथूनच गेले.

१९९६ मध्ये हॉपवूड केसच्या निकालाने इथल्या सरकारी युनिव्हर्सिटींना ऍडमिशन देताना वंश बघायला बंदी आली, त्यावर तोडगा म्हणून १९९७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या १०% मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश. प्रत्येक हायस्कूल, हा शब्द महत्त्वाचा. पश्चिम टेक्सासमधल्या चाळीस मुलांच्या शाळेतली पहिली चार आणि तुमच्या त्या नामांकित शाळेतली पहिली दहा टक्के, कायद्याला दोन्ही सारखीच. पुढे यूटी ऑस्टिनमध्ये एवढी गर्दी झाली की २००९ मध्ये कायदा बदलून त्यांना मुभा दिली, टेक्सासच्या मुलांसाठी ज्या फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाच्या जागा असतात त्यातल्या ७५% अशा थेट प्रवेशाने भरल्या की पुढे सक्ती नाही. म्हणून त्यांचा टक्का खाली खाली येत गेला, ७ झाला, मग ६, आणि २०२६ च्या फॉलपासून ५. टेक्सास ए अँड एम मात्र अजून १०% वरच आहे, हे लोक विसरतात.

आता हिशोब करा. सीनियर क्लासमध्ये, म्हणजे बारावीत, ६०० मुलं असतील तर ५% म्हणजे ३०. तुमच्या मुलीसारखी मन लावून करणारी मुलं त्या दुसऱ्या शाळेत किती असतील? दोनशे तरी असतील. तिथे पहिल्या तिसात यायचं म्हणजे चारही वर्षं एकाही सेमिस्टरला बी ग्रेड येऊन चालत नाही, आणि सगळ्या ए असूनही भागत नाही कारण रँक वेटेड जीपीएवर (ग्रेड्सच्या सरासरीवर) निघतो, म्हणजे एपीच्या ए ला जास्त गुण आणि साध्या विषयाच्या ए ला कमी.

यातूनच तो ऑर्केस्ट्राचा घोळ होतो, आणि तुमच्या मुलीला तो लागू पडतो म्हणून जरा खोलात सांगतो. समजा डिस्ट्रिक्टमध्ये एपीचा ए म्हणजे ५ आणि साध्या वर्गाचा ए म्हणजे ४. एका मुलाने सहा एपी घेतले, सगळीकडे ए, सरासरी ५. दुसऱ्या मुलीने तेच सहा एपी घेतले, तिलाही सगळीकडे ए, वर सातवा विषय ऑर्केस्ट्रा, त्यातही ए, पण त्याचे ४ च. तिची सरासरी झाली ४.८६. तिने एक विषय जास्त केला आणि ती खाली गेली! साध्या शाळेत एवढ्याशा फरकाने काही बिघडत नाही, पण जिथे पहिली शंभर मुलं दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यावर एकमेकांच्या पुढेमागे असतात तिथे हेच मूल पस्तीस-चाळीस नंबर मागे जातं. माझ्या धाकट्याच्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी दहावीनंतर बँड, आर्ट, नाटक सोडून दिलं ते एवढ्याचसाठी, आवड संपली म्हणून नाही. मला याचं अजून वाईट वाटतं. काही डिस्ट्रिक्ट फाइन आर्ट्स जीपीएमध्ये धरतच नाहीत, काहींमध्ये वरच्या वर्षांना ऑनर्सचं, म्हणजे अवघड वर्गाचं जादा वजन मिळतं, त्यामुळे दोन्हीकडे हे आधी विचारा.

आणखी एक, थेट प्रवेश युनिव्हर्सिटीत मिळतो, मेजरला नाही. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनियरिंग, बिझनेस यांना वेगळी चाळणी आहे आणि तिथे पूर्ण ऍप्लिकेशन बघतात. बायॉलॉजीला त्या मानाने बरं आहे.

रानवारा

पाटीपेन्सिल यांनी कायद्याचं सगळं बरोबर सांगितलंय. मी दुसऱ्या बाजूचं सांगते, कारण मी एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीसाठी (टेक्सासमधली नाही) काही सीझन ऍप्लिकेशन वाचायचं काम केलंय. शाळेचं नाव बघून अर्धं काम होतं ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे, पण कामाची पद्धतच तशी नसते.

वाचणाऱ्यांना भाग वाटून दिलेले असतात, एका माणसाकडे ठरावीक राज्यं किंवा काउंटी, त्यामुळे एका शाळेतल्या सगळ्या फायली बहुतेक एकाच माणसाच्या नजरेखालून जातात. फाइल उघडली की मी आधी स्कूल प्रोफाइल बघायचे. शाळेचा कौन्सेलर (मुलांचा सल्लागार) तो ट्रान्सक्रिप्टबरोबर (ग्रेड्सच्या यादीबरोबर) पाठवतो, एक-दोन पानांचाच असतो, त्यात सीनियर क्लास केवढा, एपी कुठले, एका वर्षात किती घ्यायला परवानगी आहे, ग्रेडिंग कसं, एसएटीची (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) सरासरी काय, चार वर्षांच्या कॉलेजला किती टक्के जातात, असं सगळं. ते डोक्यात बसवायचं आणि मग मुलाचं ट्रान्सक्रिप्ट वाचायचं. म्हणजे नऊ एपी असलेल्या शाळेत आठ घेतलेली मुलगी आणि तीस एपी असलेल्या शाळेत आठ घेतलेली मुलगी, आकडा एकच पण वाचताना अर्थ वेगळा लागतो. पहिलीने शाळेत होतं नव्हतं ते जवळजवळ सगळं केलं. दुसरीबद्दल लगेच प्रश्न येतो की बाकीच्यांनी बारा घेतले असताना हिने आठच का. कॉमन ऍपमध्ये (बऱ्याच कॉलेजांचा एकच अर्ज) कौन्सेलरला एक खूणही करायची असते, या मुलीने घेतलेले विषय तुमच्याच शाळेतल्या कॉलेजला जाणाऱ्या बाकी मुलांच्या तुलनेत किती अवघड आहेत, आणि त्यात सगळ्यात वरचा पर्याय 'मोस्ट डिमांडिंग' असा असतो. तुलना तुमच्याच शाळेशी, पलीकडच्या शाळेशी नाही.

एसएटीचंही तेच. डार्टमथ कॉलेजने २०२४ मध्ये एसएटी किंवा तशीच एसीटी ही परीक्षा परत सक्तीची केली तेव्हा त्यांनी कारणही हेच दिलं होतं, की स्कोर मुलाच्या शाळेच्या संदर्भात वाचता येतो. ज्या शाळेची सरासरी खूप खाली आहे तिथला १४०० आणि जिथे निम्म्या वर्गाला १५०० आहे तिथला १४००, या दोन मुलांची फाइल एकाच मापाने मोजत नाहीत.

म्हणून अबोली, 'त्या शाळेतून दरवर्षी एमआयटीला जातात' हे ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा, किती जणांनी अर्ज केला आणि त्यातले किती गेले. आणि जे गेले ते या शाळेत नसते तर गेले नसते का?

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. एका छोट्या गावातल्या शाळेतली मुलगी, एपी मोजून चार, चारही घेतलेले. केमिस्ट्रीच्या टीचरचं पत्र होतं. लॅबमधला फ्यूम हूड (घातक वाफा बाहेर ओढणारी पेटी) बिघडला होता आणि डिस्ट्रिक्टकडून दुरुस्तीला कुणी येत नव्हतं, तर या मुलीने सेमिस्टरचे उरलेले सगळे प्रयोग वाचून काढले, कुठले हूडशिवाय सुरक्षितपणे करता येतील त्याची यादी केली, क्रम बदलला आणि टीचरला आणून दिला. टीचरने ते पान स्कॅन करून पत्राला जोडलं होतं, पेन्सिलने खाडाखोड केलेलं. मला ते पान अजून जसंच्या तसं आठवतं. आता तीच मुलगी मोठ्या कॉम्पिटिटिव्ह शाळेत असती तर तिच्या टीचरकडे पत्रं मागायला चाळीस-पन्नास मुलं आली असती, आणि अशा पत्रांत 'कष्टाळू, जिज्ञासू, वर्गात नेहमी तयारीने येते' यापलीकडे फारसं काही उरत नाही. टीचरचा दोष नाही त्यात, माणूस किती लिहिणार. पण मुलीचं वेगळेपण कागदावर यायला कुणीतरी तिला जवळून पाहिलेलं असावं लागतं.

प्रिन्स्टनच्या थॉमस एस्पेनशेड यांनी २००५ मध्ये यावर अभ्यास केला होता, नामांकित कॉलेजांच्या अर्जदारांचा. बाकी सगळं सारखं असेल तर ज्या शाळेची सरासरी एसएटी जास्त त्या शाळेतल्या मुलाची संधी किंचित कमी होते असं त्यात निघालं. किंचितच, घाबरून जायचं कारण नाही, पण नवरोबांना वाटतं त्याच्या उलट दिशेला आहे एवढं मात्र सांगा त्यांना.

निळाई

मी न्यूयॉर्कच्या एका स्पेशलाइज्ड हायस्कूलमधून गेलेय, एसएचएसएटी ही त्यांची प्रवेशपरीक्षा देऊन. आमच्या घरीही हाच समज होता की इथे नंबर लागला म्हणजे पुढचं सगळं झालं.

यावर खरं उत्तर मिळणं कठीण असतं कारण अशा शाळेत मुळात हुशार मुलंच निवडून घेतात, मग ती पुढे चांगल्या कॉलेजला गेली तर श्रेय शाळेचं की मुलांचं? एमआयटीचे जोशुआ अँग्रिस्ट (२०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांच्यातले एक) आणि पराग पाठक यांनी याची मस्त युक्ती काढली. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षा घेणाऱ्या शाळांचा कट-ऑफ घेतला आणि जी मुलं जेमतेम आत गेली त्यांची तुलना जी जेमतेम बाहेर राहिली त्यांच्याशी केली. एका-दोन मार्कांचा फरक म्हणजे मुलं जवळपास सारखीच, फरक फक्त शाळेचा. २०१४ मध्ये ते छापून आलं, आणि परीक्षांच्या मार्कांवर, एसएटीवर शाळेचा परिणाम जवळजवळ काहीच दिसला नाही. त्याच वर्षी विल डॉबी आणि रोलंड फ्रायर यांनी न्यूयॉर्कच्याच शाळांवर काम केलं, त्यांनाही एसएटी, कॉलेजला जाणं, कॉलेज पूर्ण करणं, कशातच मोठा फरक सापडला नाही. शिकागोत तर सिलेक्टिव्ह हायस्कूलमध्ये गेलेल्या गरीब वस्तीतल्या मुलांचा जीपीए आणि रँक खाली गेला आणि सिलेक्टिव्ह कॉलेजला जायची शक्यता उलट कमी झाली असं २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात आहे.

एक लक्षात ठेवा, हे सगळं कट-ऑफच्या आसपासच्या मुलांबद्दल आहे, म्हणजे त्या शाळेत गेल्यावर जी मधल्या-खालच्या भागात असणार त्यांच्याबद्दल. अगदी टोकावर असलेल्या मुलाला, ज्याला नववीतच कॅल्क्युलस संपवून पुढचं हवंय, त्याला अशी शाळा लागतेच, नाहीतर ते मूल कंटाळून जातं.

मग मला काय मिळालं? भरपूर मिळालं, पण ऍडमिशनच्या बाबतीत नाही. सोबतची मुलं जबरदस्त होती, आजही माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणी तिथल्याच. लिहायला तिथे शिकले. कॉलेजच्या पहिल्या वर्षी बाकीचे रडत होते तेव्हा मला सगळं ओळखीचं वाटलं. पण गेले मी स्टेट युनिव्हर्सिटीत, जिथे माझ्या झोन्ड, म्हणजे घराच्या पत्त्यावर मिळणाऱ्या शाळेतूनही गेले असते.

देवचाफा

थोडं वेगळं मत मांडतो, कारण इथे आता सगळे एकाच बाजूला झुकलेत. शाळेने काहीच फरक पडत नाही असं म्हणू नका हो. कुठली शाळा यावर आहे ते.

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचं २०२३ चं काम बघा. आयव्ही (हार्वर्ड, येल वगैरे आठ जुनी कॉलेजं) आणि त्यांच्या तोलाची, मिळून बारा कॉलेजांचा डेटा. एसएटी-एसीटीचा स्कोर तोच असताना वरच्या १% श्रीमंत घरातली मुलं मध्यमवर्गीय घरातल्या मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात तिथे जातात. कारणं तीन, आईवडील तिथेच शिकलेले असणं म्हणजे लेगसी, खेळाडू म्हणून होणारी भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिलेले जास्त गुण. या तिसऱ्यात खासगी हायस्कूलचा हात आहे, तिथल्या मुलांची ती बाजू जास्त भक्कम दिसते. का दिसते? कौन्सेलर. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशनची शिफारस एका कौन्सेलरमागे २५० मुलांची आहे आणि सरकारी शाळांची देशभरातली सरासरी त्याच्याही वर. वर्गबदल, कुणाचं घरचं काही, परीक्षांची व्यवस्था हे सगळं त्याच माणसाकडे. महागड्या खासगी शाळेत फक्त कॉलेजचं बघणारा माणूस वेगळा असतो, त्याच्याकडे मुलं थोडी, तो पत्रात मूल उभं करतो.

म्हणजे फायदा आहे, पण तो ज्या शाळांमध्ये आहे त्यांची फी वर्षाला पन्नास-साठ हजार डॉलर, आणि अबोली ज्या शाळेबद्दल विचारतायत ती सरकारी. सातशे डॉलर जास्त भाडं देऊन त्यांना एपी मिळतील, स्पर्धा मिळेल, पण कौन्सेलरकडची रांग कदाचित अजून लांब असेल. दोन्हीकडे एका कौन्सेलरमागे किती सीनियर आहेत हे विचाराच.

आणि 'साध्या शाळेत सहज पहिली येईल' हेही इतकं सरळ नाही. वासरात लंगडी गाय शहाणी होते खरी, पण पुढे कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री समोर आली की तिला पळावं लागतंच. बायॉलॉजी करायचं म्हणताय तर शाळेत एपी केमिस्ट्री आणि एपी बायॉलॉजी खरंच नीट शिकवतात का, मुलं परीक्षेत ४-५ काढतात का, हे बघितल्याशिवाय साधी शाळा चांगली असंही म्हणू नका.

कवडसा

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून. आमच्याकडे यूसीने (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) २०२१ पासून एसएटी बघणंच बंद केलंय, त्यामुळे जीपीए आणि निबंध यांना फार वजन आलंय. इथेही प्रत्येक शाळेच्या वरच्या ९% मुलांसाठी एक तरतूद आहे, पण टेक्साससारखी नाही, त्यात यूसीत कुठेतरी जागा मिळेल एवढंच, आणि तेही जिथे जागा उरली असेल तिथे, म्हणजे मर्सेडसारखं कॅम्पस. बर्कली-यूसीएलए नाही. आणि एपी-ऑनर्सचं जादा वजन यूसी जास्तीत जास्त आठ सेमिस्टरपुरतंच धरते, त्यामुळे वीस एपी घेतले म्हणून त्यांचा जीपीए वर वर जात राहत नाही. पालकांना हे माहीत नसतं आणि मुलं उगाच मरमर करतात.

मला खरं म्हणजे वेगळंच सांगायचंय. माझी मुलगी इथल्या फार स्पर्धा असलेल्या एका शाळेत आहे. रात्री साडेअकराला ती झोपायला निघाली की ग्रुपवर मेसेज येतात, कुणी अजून कुठला चॅप्टर करतंय, कुणाचं रिसर्चचं काम चाललंय, आणि ही परत दिवा लावून बसते. गृहपाठ झालेला असतो तिचा! तरी बसते. आम्ही घरात कुणी एक शब्द बोलत नाही मार्कांवरून, तरी ते घरात येतंच. रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने २०१८ च्या अहवालात किशोरवयीन मुलांच्या मनाला सगळ्यात जास्त इजा करणाऱ्या गोष्टींमध्ये गरिबी, आघात आणि भेदभाव यांच्या जोडीला यशाचा अतिरेकी दबाव धरलाय. वाचून मी हादरले होते, गरिबीच्या शेजारी ही गोष्ट! आपण जिवाचं रान करून ज्या शाळांच्या हद्दीत घरं घेतो त्याच या शाळा.

काही मुलांना हे वातावरण मानवतं, ती फुलतात, मी नाही म्हणत नाही. पण आपलं मूल त्यातलं आहे का ते आईला कळतं, रेटिंगच्या साइटला नाही.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रानवारा, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, फ्यूम हूडचा भाग त्याने परत वाचायला मागितला.

दोन्ही शाळांना ईमेल केली होती, प्रोफाइल दोन्हीकडच्या वेबसाइटवरच पीडीएफमध्ये निघाले. आमच्या शाळेत सीनियर ४८० आहेत, म्हणजे ५% धरले तर २४, त्या शाळेत ८२०, म्हणजे ४१. पण तिथे पहिल्या चौथाई मुलांचा वेटेड जीपीए कुठून सुरू होतो ते दिलंय, तो आमच्याकडच्या पहिल्या दहाव्या हिश्श्याच्याही वर आहे. कौन्सेलरमागे मुलं आमच्याकडे तीनशेच्या आसपास, तिकडे साडेचारशे. एपी केमिस्ट्रीच्या निकालाबद्दल देवचाफांनी सांगितल्यावर फोन करून विचारलं, निम्म्याहून जास्त मुलांना ४ किंवा ५ आहेत, बाई बारा वर्षं तोच विषय शिकवतायत.

ऑर्केस्ट्राचं मात्र गणित उलटं निघालं. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये फाइन आर्ट्स पूर्ण धरतात, ऑनर्सचं वजन नाही. तिकडे वरच्या ऑर्केस्ट्राला ऑनर्सचं वजन आहे. मुलीला सगळं समोर ठेवून सांगितलं तर ती म्हणाली ऑर्केस्ट्रा चारही वर्षं करणार, कुठेही घाला, नंबर खाली गेला तर जाऊ दे. आणि तिला इथेच राहायचंय, तिची स्टँड पार्टनर (ऑर्केस्ट्रात शेजारी बसून वाजवणारी मैत्रीण) इथेच जातेय.

आम्ही बहुतेक लीज वाढवतोय. आता एकच शंका, दोन वर्षांनी वाटलं की इथे जमत नाहीये तर अकरावीत शाळा बदलली तर रँकचं काय होतं?

पाटीपेन्सिल

अकरावीत बदलणं रँकच्या दृष्टीने सगळ्यात वाईट वेळ. थेट प्रवेशासाठी यूटी ज्युनियर इयरच्या, म्हणजे अकरावीच्या शेवटचा रँक धरते, म्हणजे नव्या शाळेत पाय रोवायच्या आतच तो निघतो. जुन्या ग्रेड्सचं वजन नवं डिस्ट्रिक्ट स्वतःच्या पद्धतीने लावतं, काही ठिकाणी आधीच्या शाळेत ऑनर्स असलेला विषय नव्या ठिकाणी साधा धरतात कारण त्यांच्याकडे त्या नावाचा ऑनर्स नसतोच. बदलायचंच झालं तर दहावीच्या सुरुवातीला, आणि ट्रान्सफर क्रेडिटचा नियम लेखी घेऊन.

ऑर्केस्ट्राचं एक सुचवतो. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये हेल्थ, स्पीच, पीई असले साधे विषय उन्हाळ्यात करता येतात आणि काही ठिकाणी ते जीपीएमध्ये न धरायची सोय असते. तुमच्याकडे तशी असेल तर ऑर्केस्ट्रामुळे जे जातं त्यातलं पुष्कळ तिथे भरून निघतं. कोर्स सिलेक्शनचे फॉर्म येतील तेव्हा हे विचारा, नंतर बदलत नाहीत.

रानवारा

आणि तेव्हाच अजून एक बघून घ्या. टेक्सासच्या थेट प्रवेशासाठी नुसता रँक पुरत नाही, 'डिस्टिंग्विश्ड लेव्हल ऑफ अचीव्हमेंट' पूर्ण करून ग्रॅज्युएट व्हावं लागतं, त्यात अल्जिब्रा टू आणि एक एन्डॉर्समेंट (ठरावीक विषयगट) लागते. एन्डॉर्समेंट नववीतच निवडतात. तिला बायॉलॉजी आवडतं म्हणून स्टेमची (विज्ञान-गणित) घ्यायची की ऑर्केस्ट्रामुळे आर्ट्स अँड ह्युमॅनिटीजची, दोन्ही चालतात, विषय कुठल्यात सहज बसतायत ते कौन्सेलरबरोबर बसून चार वर्षांचा तक्ता करून बघा, आणि त्या मीटिंगला मुलीला घेऊन जा.